मुक्कामाला जाणं आणि मिळून भटकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्राकडे किंवा नातेवाइकांकडे चार दिवस राहायला जायचं, त्यांच्यासोबत आसपास हिंडायचं. तसं पाहिलं तर साधी गोष्ट. तरी याबद्दल लोकांना प्रश्न भरपूर पडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी भीड असते. पाहुणा भिडेपोटी सांगत नाही, यजमान भिडेपोटी विचारत नाही, आणि दोघंही दमून जातात. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. घराघरांतल्या रीतीभाती वेगळ्या असतात, त्या इथे घेतलेल्या नाहीत.

किती दिवस राहिलं म्हणजे जास्त होत नाही?

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, तरी परतीचं तिकीट न काढता जाणारे असतातच. दोन किंवा तीन रात्री हा बहुतेक घरांना झेपणारा मुक्काम. प्रवासाचा शीण उतरतो, मधला एक दिवस पूर्ण मोकळा मिळतो आणि घरातली घडी फार विस्कटत नाही. पण यजमानाला दिवसांच्या संख्येपेक्षा जास्त त्रास होतो तो तारीख ठाऊक नसण्याचा. पाहुणे आठ दिवस राहणार हे आधी कळलं तर माणूस आपली कामं त्याप्रमाणे लावून घेतो. ‘बघू, रविवारपर्यंत तरी आहोत’ म्हणणारा मात्र तिसऱ्या दिवशीच जड होतो. येण्याची आणि जाण्याची तारीख एकाच दमात सांगून टाका.

घड्याळ बदलणाऱ्या लांबच्या विमानप्रवासाचं गणित निराळं. शरीर नव्या वेळेला साधारण दिवसाला एक तास या हिशेबाने जुळतं, आणि पूर्वेकडे गेलं की आणखी रखडतं. पाच-सहा तासांचा फरक असेल तर सुरुवातीचे काही दिवस तुम्ही भलत्या वेळी पेंगणार आणि भलत्या वेळी टक्क जागे असणार. एवढ्या लांब जाऊन तीनच रात्री राहणं म्हणजे यजमानांनी तुम्हाला झोपलेलं बघायचं.

ते ‘केव्हाही या’ म्हणतात. मग नक्की केव्हा जायचं?

‘केव्हाही या’ ही सदिच्छा झाली. तिला तारीख लावायचं काम तुमचं. दिवस सुचवा आणि त्याच निरोपात नकाराला वाट ठेवा: ‘पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारी सकाळी निघायचा विचार आहे. तुमचं काही ठरलेलं असेल तर पुढच्या महिन्यातही जमेल.’ हे शक्यतो लिहून पाठवा. फोनवर माणूस पटकन हो म्हणून मोकळा होतो आणि घरात जाऊन विचारतो मागाहून. लेखी निरोपाला सावकाश, घरच्यांशी बोलून उत्तर देता येतं. उत्तर गुळमुळीत आलं तर ते उत्तरच समजा, पुन्हा विचारू नका.

त्यांच्याच घरी राहावं की जवळ खोली घ्यावी?

घर लहान असेल, एकच न्हाणीघर असेल, घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, किंवा तुम्ही चारांहून जास्त असाल, तर जवळ खोली घ्या. पण जायच्या आधीच सांगा. ऐन वेळी ‘आम्ही बाहेर राहतोय’ म्हटलं की आपल्या घरात काय कमी होतं, असं यजमानाला वाटतं. ‘रात्री तिकडे झोपू, पण सकाळच्या चहापासून तुमच्याकडेच’ असं सांगितलं की कुणाला लागत नाही. घोरणाऱ्यांनी हा पर्याय गंभीरपणे घ्यावा.

दुसऱ्याच्या घरी पहिल्या रात्री झोपच लागत नाही. यात माझंच काही चुकतं का?

नाही. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार अनेक दशकांपासून माहीत आहे. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्या माणसाची पहिली रात्र इतकी वेगळी निघते की बरेचदा तिची मोजमापं हिशेबात धरतच नाहीत. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना त्यामागचं एक कारण सापडलं: नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल गाढ झोपेतही उजव्यापेक्षा कमी झोपतो आणि बारीकसारीक आवाजांना जास्त दाद देतो. थोडक्यात, अर्धा मेंदू पहाऱ्यावर असतो. पुढच्या मुक्कामात हा फरक ओसरतो.

म्हणून पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी मोठा बेत ठेवू नये. पहाटे पाचला उठून सूर्योदय बघायचाच असेल तर तो दुसऱ्या दिवसावर ढकला. आपली उशी किंवा निदान उशीचा अभ्रा बरोबर न्या. दिव्याचं बटण कुठे आहे, रात्री पाणी कुठे मिळेल आणि न्हाणीघराची कडी कशी लागते, या तीन गोष्टी झोपायच्या आधी विचारून घ्या. यजमान असाल तर त्या न विचारता दाखवा.

कुठे जायचं हे ठरवताना सगळे ‘कुठेही चालेल’ म्हणतात. मग कोणी ठरवायचं?

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर लागेल, कारण बिघडलेल्या सहलींपैकी निम्म्या तरी इथेच बिघडतात.

जेरी हार्वी नावाच्या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९७४ साली आपल्या सासरवाडीचा एक किस्सा लिहिला. टेक्सासमधलं कोलमन हे गाव, उन्हाळ्याची दुपार, तापमान ४० अंशांच्या घरात. घरातली चार माणसं पंखा लावून डॉमिनोज खेळत मजेत बसलेली. सासरे म्हणाले, ‘अॅबिलीनला जाऊन जेवून येऊ या.’ अॅबिलीन तिथून सुमारे ८५ किलोमीटर, आणि गाडीत एसी नाही. बायको म्हणाली छान कल्पना आहे, हार्वींनी होकार दिला, सासूबाईही हो म्हणाल्या. धुळीने माखून, बेचव जेवून चार तासांनी सगळे परतले. मग सासूबाई म्हणाल्या की खरं तर मला घरीच बसायचं होतं, तुम्हा सगळ्यांचा उत्साह बघून आले. एकेक जण तेच सांगू लागला. सासरे म्हणाले, मी तर तुम्ही कंटाळला असाल म्हणून नुसतं विचारलं होतं. चौघांपैकी एकालाही जायचं नव्हतं आणि चौघंही गेले.

यात कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, हे लक्षात घ्या. मतभेद असता तर भांडण झालं असतं आणि बहुधा ते घरीच राहिले असते. इथे सगळ्यांचं मत एकच होतं, फक्त कुणी ते बोललं नाही. पाहुणे आणि यजमान एकत्र आले की हे हमखास होतं, कारण दोन्ही बाजूंना समोरच्याचं मन मोडायचं नसतं.

उपाय सोपे आहेत. ‘कुठे जाऊ या?’ हा उघडा प्रश्न टाळा आणि दोन ठोस पर्याय ठेवा, त्यातला एक घरीच थांबण्याचा असू द्या. ‘सकाळी तळ्यावर जाऊ, की आज घरीच पत्ते खेळू?’ याला खरं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त. काय नको हे विचारा: ‘चढण नको’, ‘गर्दी नको’, ‘आज गाडीत बसणं नको’. हवं काय ते सांगायला माणसं लाजतात, नको काय ते सांगायला तितकी लाजत नाहीत. घरातल्या सर्वांत गप्प माणसाला सर्वांत आधी विचारा, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने शेवटी बोलावं. घरातला ज्येष्ठ किंवा ज्याची गाडी आहे तो आधी बोलला की मतदान तिथेच संपतं. माणसं सहाच्या वर असतील तर प्रत्येकाने एकेक चिठ्ठी लिहावी. पोरखेळ वाटला तरी वाटू द्या.

आलटून पालटून ठरवलं तर?

उत्तम. आज तुमची पसंती, उद्या आमची. लहान मुलांनाही एक पाळी द्या आणि त्यांनी निवडलेल्या ठिकाणी तोंड वाकडं करू नका.

यजमान आम्हाला नेहमीची प्रसिद्ध ठिकाणं दाखवतात. ती बघून त्यांना वीट आला असेल ना?

बहुधा आलाच असेल. उलटही होतं: आपल्याच शहरातलं संग्रहालय किंवा जुना किल्ला वर्षानुवर्षं राहून गेलेला असतो, कारण ‘कधीही जाता येईल’ अशी जागा कधीच बघितली जात नाही. यजमानांना विचारा, ‘तुमचंच बघायचं राहिलंय असं काय आहे इथे?’ या एका प्रश्नाने कधी कधी सगळा बेत बदलतो, आणि मग दाखवणारा आणि बघणारा असा भेद राहत नाही. दोघंही पाहुणे.

प्रसिद्ध ठिकाणांइतकंच, मला विचाराल तर त्याहून जास्त, यजमानांचं रोजचं जगणं बघण्यासारखं असतं. ते संध्याकाळी कुठे फिरायला जातात, भाजी कुठून आणतात, कुठल्या बाकावर बसतात, त्यांचं ग्रंथालय कुठलं. मित्राच्या नेहमीच्या रस्त्यावरून त्याच्याबरोबर अर्धा तास चाललात की पुढे वर्षभर फोनवर तो ज्या शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगतो त्यांना चेहरे मिळतात. प्रेक्षणीय स्थळ तुम्ही एकटेही बघू शकता. हे तुम्हाला दुसरं कुणी दाखवणार नाही.

एका दिवसात किती ठिकाणं बसवावीत?

एक ठरलेलं आणि एक जमलं तर. त्यापुढे यादी जाऊ देऊ नका.

थकवा पायांनाच येतो असं नाही. बेंजामिन आइव्हज गिलमन हे बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करत. त्यांनी १९१६ साली ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला. खालच्या फळीवरच्या वस्तू बघायला प्रेक्षकाला किती वाकावं लागतं, मान किती वेळा वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रं काढून दाखवलं. थांबत थांबत, उभ्याने, लक्ष देऊन बघणं हे सरळ चालण्याहून जास्त दमवतं. पहिल्या दालनात लोक पाटी न् पाटी वाचतात आणि शेवटच्या दालनातून नुसते निघून जातात, त्याचं हेच कारण. संग्रहालय असेल तर दोन-तीन दालनं निवडा, मध्ये बसा, बाकीचं सोडून द्या.

डोंगरावर जायचं असेल तर विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला हिशेब अजून वापरात आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात विश्रांती धरलेली नाही आणि चालणारा धडधाकट आहे असं गृहीत धरलं आहे. मुलं, ज्येष्ठ आणि फोटो काढणारे बरोबर असतील तर येणाऱ्या उत्तराची सरळ दुप्पट करा. सकाळी घरातून निघायला लागणारा वेळ यात कुठेच नाही. आठ जणांना ‘निघू या’ म्हटल्यापासून शेवटचा माणूस चपला घालेपर्यंत पाऊण तास जातो, तो वेगळा धरा.

आजी-आजोबा आणि लहान मुलं एकाच सहलीत कशी सांभाळावीत?

चालताना सर्वांत हळू माणूस पुढे हवा. तो मागे राहिला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच पुन्हा निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

जागा निवडताना निसर्गसौंदर्याच्या आधी तीन गोष्टी बघा: बसायला बाक, स्वच्छतागृह, सावली. या असतील तर साधी बागही दिवसभर पुरते. नसतील तर कितीही सुंदर ठिकाण तासाभरात नकोसं होतं.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे ऐकू येणं. वयानुसार ऐकण्यात उतार पडतो तेव्हा आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, फ यांसारखे वर्ण पुसट होतात, त्यामुळे बोलणं कानावर येतं पण शब्द लागत नाहीत, आणि गोंगाटात तर अजिबातच लागत नाहीत. गजबजलेल्या हॉटेलात आजोबा गप्प बसतात ते रुसून नव्हे, त्यांना संभाषणच पोहोचत नसतं. कोपऱ्यातलं, भिंतीला लागून असलेलं टेबल घ्या, त्यांची पाठ भिंतीकडे असू द्या आणि बोलणाऱ्यांच्या तोंडावर उजेड हवा. ओरडून बोलण्यापेक्षा समोर बसून, सावकाश बोलणं जास्त उपयोगी.

आणि सगळ्यांनी सगळा वेळ एकत्र असलंच पाहिजे असं नाही. मुलं आणि धावणारे मोठे वर चढून येवोत, बाकीचे खाली बसून गप्पा मारोत, दीड तासाने ठरलेल्या जागी भेटा. वेगळं झाल्यावर सांगायला काहीतरी असतं, त्यामुळे जेवणही रंगतं.

घाटात मुलाला गाडी लागते. काय करावं?

साधारण दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण हलतोय, पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत. या विसंगतीने मळमळतं. म्हणून मोबाइल बंद आणि नजर बाहेर, लांबवर. मागच्या सीटवरून समोरचा रस्ता दिसेल अशी जागा द्या, पण लहान मुलाला पुढे बसवू नका. निघण्याआधी हलकं खायला द्या, पूर्ण उपाशी नको. खिडकी थोडी उघडा. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर पोटात गेलेलं औषध टिकत नाही.

तसंच, थांबलेल्या गाडीत मुलाला दोन मिनिटंही एकटं सोडू नका. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत ११ अंशांनी चढू शकतं.

बरोबर नेलेलं खाणं किती वेळ चांगलं राहतं?

शिजवलेले किंवा दुधाचे पदार्थ बाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, अनुकूल स्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. वास आणि चव यांवर विसंबू नका, बाधा करणारे बरेच जंतू दोन्हींत फरक पडू देत नाहीत. बर्फाची पिशवी घालून थंड डबा न्या किंवा कोरडं, टिकाऊ खाणं न्या. उरलेलं टाकवत नाही म्हणून संध्याकाळी घरी नेऊन वाढणं हा सगळ्यांत महाग पडणारा काटकसरीपणा.

खर्च कसा वाटायचा? बिलावरून ओढाताण नको वाटते.

ओढाताण नको असेल तर पैशांचं बोलणं बिल येण्याआधी व्हायला हवं. सोपी पद्धत: पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची, एकाच्या ताब्यात द्यायची, बाहेरचा सगळा खर्च त्यातून. संपली की पुन्हा काढायची, उरली तर वाटून घ्यायची. यजमान आधीच घर, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाक पुरवतात, तेव्हा बाहेरचं एक मोठं जेवण किंवा इंधन पाहुण्यांनी उचलणं न्याय्य आहे.

अवघड प्रसंग येतो तो मंडळींची ऐपत सारखी नसते तेव्हा. ज्याला झेपत नाही तो हे चारचौघांत सांगणार नाही, ‘मला तसंही भूक नाही’ म्हणेल. बेत आखणाऱ्याने पर्याय ठेवतानाच ते सगळ्यांना परवडणारे ठेवावेत. महागडी हौस असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवस काढा आणि ज्यांना यायचं नाही त्यांना कारण विचारू नका.

त्यांच्याकडे मांजर आहे आणि मला त्रास होतो. ऐन वेळी गोळी घेऊन भागेल?

आधी सांगा. मांजराच्या ऍलर्जीचं मुख्य कारण केस नसून फेल डी १ हे प्रथिन आहे. ते लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होतं, अतिशय हलक्या कणांना चिकटून हवेत तरंगतं आणि मांजर घरात नसलं तरी गाद्या-सोफ्यांत महिनोन्महिने टिकतं. आदल्या दिवशी घर झाडलं आणि मांजर शेजारी ठेवलं एवढ्याने फारसा फरक पडत नाही. दम्याचा त्रास असेल तर दिवसा बाहेर भेटा, रात्री दुसरीकडे झोपा. मांजराला हाकला असं सुचवू नका, ते घर त्याचं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सर्दी-खोकला झाला तर?

फोन करून खरं ते सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. घरात तान्हं मूल असेल तर विचारायचीही गरज नाही, पुढे ढकला. मोठ्यांना साधा वाटणारा डांग्या खोकला अर्भकाच्या जिवावर बेतू शकतो. उलट्या-जुलाब झाले असतील तर थांबल्यानंतरही पुरते ४८ तास कुणाकडे जाऊ नका, बरं वाटू लागल्यावरही संसर्ग पसरत राहतो. तिकीट वाया गेल्याची हळहळ चार दिवसांत विसरते.

फोटो काढण्यातच सगळा वेळ जातो. काढूच नयेत का?

काढा, पण कमी. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठात लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवून काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही नुसत्या बघायला सांगितल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने ठेवून घेतलंय म्हटल्यावर आपण ठेवायचे कष्ट घेत नाही. गंमत म्हणजे, वस्तूच्या एखाद्या बारकाव्यावर झूम करून फोटो घेतला तेव्हा हा तोटा दिसला नाही. म्हणजे नीट निरखून काढलेला एक फोटो चालतो, दिसेल ते टिपत सुटणं नडतं.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशात, मग हवे ते फोटो, मग पुन्हा खिशात. नेहमी फोटो काढणारी व्यक्ती एकाही फोटोत नसते, तिच्या हातातून फोन काढून घ्या. आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

पावसाने बेत फसला तर?

आधीच एक घरातला बेत मनात ठेवा: जुने अल्बम, पत्ते, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक. पाहुण्याला कामाला लावणं उद्धटपणाचं वाटतं, पण भाजी निवडता निवडता ज्या गप्पा होतात त्या सोफ्यावर बसून होत नाहीत. समोरासमोर बसून काय बोलावं हा प्रश्न पडतो, हात कामात असले की पडत नाही.

बाहेर असताना गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा धातूच्या टपाच्या बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

मुक्कामात थोडा वेळ एकटं राहावंसं वाटतं. उद्धटपणा होईल का?

होणार नाही, यजमानांनाही तेच हवं असतं. ‘मी तासभर वाचत पडतो’ एवढं म्हणा. दुपारची वेळ बरी.

बऱ्याच वर्षांत न भेटलेल्या मित्राकडे राहायला जाणं अवघडल्यासारखं होईल?

पहिला तास होईल. पण ओळखीची मैत्री व्हायला सहवासाचा वेळच लागतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेल्या अंदाजानुसार, ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९० आणि जिवलग होण्यासाठी २०० हून अधिक तास लागतात. नुसतं एकत्र काम करण्यात गेलेल्या वेळाचा तितका उपयोग होत नाही, मोकळ्या वेळाचा होतो. आता हिशेब करा: महिन्यातून एकदा दोन तास भेटलात तर वर्षाला २४ तास. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एका घरात काढलीत तर जागेपणीचे तेवढे तास एकाच मुक्कामात होतात, आणि त्यात दात घासताना भेटणंही आलं. जुन्या मैत्रीला तर पाया आधीचाच असतो.

पहिल्या संध्याकाळी चालायला जा. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि मध्येच गप्प राहिलं तरी चालतं. मधल्या वर्षांचा जमाखर्च लगेच मांडू नका, तो आपोआप निघतो.

शेवटच्या दिवशी काही ठेवावं की नको?

मोठं काही नको, पण बरं काहीतरी ठेवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा ६० सेकंद बोचऱ्या थंड पाण्यात हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी किंचित कमी थंड होत गेलं. यांतलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट सौम्य, म्हणून आठवण बरी. सहलींवरही याचा परिणाम होतो. तीन दिवस छान गेले आणि चौथ्या दिवशी राहिलेली खरेदी, हरवलेला चार्जर आणि स्टेशनवरची पळापळ, की तेवढंच डोक्यात राहतं. सामान आदल्या रात्री भरा, सकाळी नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून या, आणि हातात अर्धा तास जास्तीचा ठेवून निघा.

निघताना खोली कशी ठेवावी?

चादरी घडी घालून ठेवू की धुवायला काढू, हे विचारा. घडी घातलेली वापरलेली चादर धुतलेली समजून कपाटात जाते. कचरा बाहेर, ओला टॉवेल दोरीवर, खिडकी बंद. पलंगाखाली आणि चार्जिंगच्या सॉकेटला एकदा बघा. पोहोचल्यावर ‘पोचलो’ एवढा निरोप त्याच दिवशी, आणि काढलेले फोटो आठवड्याच्या आत पाठवा.